कडी लावायची वेळ

"खोली तुझी. पण संध्याकाळची बांग झाली की तासभर ती माझी," सिस्टर म्हणाल्या. "तेवढा वेळ तू बाहेर. चालत असेल तर पेटी आत आण. नसेल तर रिक्षावाला अजून वळलेला नाही."

मी पेटी आत आणली. नव्याण्णव साल, उन्हाळा. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळी गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत मला हजेरी लिहिण्याची नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच रुजू व्हायचं होतं. ही अट टिकणार नाही याची मला खात्री होती. भाडं पूर्ण घ्यायचं आणि खोली अर्धवट द्यायची, हे कुठल्या कायद्यात बसतं? आठवडाभरात मी ती मोडून काढणार होते.

अशा गोष्टी मोडून काढायच्या असतात हे मी घरीच शिकले होते. माझे वडील पोफळीच्या वीजगृहात कामाला, युनियनचे. वसाहतीतल्या इतर घरांत जिथे देव्हारा असायचा तिथे आमच्याकडे पत्रकांचे गठ्ठे होते. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. 'बंधू-भगिनींनो' हा मला अडखळत का होईना वाचता आलेला पहिला लांब शब्द. पूजा, नवस, प्रार्थना हा सगळा प्रकार माणसाला गप्प बसवण्यासाठी काढलेला आहे, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

आणि मला घर मिळालं ते प्रार्थनेसाठी मला रोज घराबाहेर काढणाऱ्या बाईचं.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. मराठी ख्रिस्ती. उमेदीची वर्षं घाटावरच्या एका मिशनच्या दवाखान्यात काढलेली. नवरा बंदरखात्यात होता म्हणून इथे मांडवीत आल्या आणि तो गेल्यावरही राहिल्या. आजूबाजूला सगळी मुसलमानांची घरं. पुरुष कुणी कुवेतला, कुणी बोटीवर, घरात सासवा, सुना आणि पोरं. त्या सगळ्यांचे ताप, खोकले, इंजेक्शनं, बाळंतिणी सिस्टरांच्या गळ्यात. गल्लीत त्यांना दुसरं नाव नव्हतं. मीही कधी विचारलं नाही.

त्या बसलेल्या मला क्वचितच दिसल्या. जेवायच्या उभ्याने, ओट्याला टेकून, ताट हातात धरून. भाजी निवडता निवडता कुणाच्या तरी पोराची जीभ बघायच्या आणि "घोड्या, चिंचा कुणाच्या झाडाच्या खाल्ल्यास?" म्हणून त्याच्या आईच्या देखत विचारायच्या. रस्त्याने अशा भराभर जायच्या की बघणाऱ्याला वाटावं कुणीतरी अत्यवस्थ आहे. निघालेल्या असायच्या कोथिंबीर आणायला.

त्यांच्यापेक्षाही विचित्र होतं ते घर. चिऱ्याचं, कौलारू, नेटकं; पण आतल्या खोल्यांना दारंच नव्हती. चौकटी होत्या, बिजागऱ्यांच्या खुणा होत्या, आणि दारांच्या जागी जाड पडदे. एक दार मागच्या विहिरीवर झाकण म्हणून पडलं होतं. दुसऱ्याला पाय ठोकून त्याचं पडवीत टेबल केलं होतं. त्यावर इंजेक्शनच्या सुया उकळायचा डबा, स्पिरिटची बाटली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे चहाचे कप. बंद होणारं, आतून लोखंडी कडी लागणारं दार आतल्या खोल्यांत एकच होतं, माझ्या खोलीचं.

"बाकीची दारं का काढली?" मी विचारलं.

"आमचे हे अंथरुणाला खिळले तेव्हा काढली. आवाज पार बसला होता त्यांचा. मी कुठेही असले तरी हाक ऐकू यायला हवी ना."

"मग हे एक का ठेवलं?"

"बांग झाली," त्या म्हणाल्या. "ऊठ, चपला घाल."

आठवड्याच्या आत मी ठरल्याप्रमाणे भांडण काढलं. आधी कायदा सांगितला. त्यांनी तो सुया पुसता पुसता ऐकून घेतला. मग मी विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती. मशिदीच्या बांगेशी तुमचं काय?"

"सकाळी उठून बसले तर दूधवाल्याच्या आधी इंजेक्शनवाले येतात. दुपारी बसले तर पोरं येतात, कुणाच्या नाकात शेंगदाणा, कुणाच्या कानात मुंगी. किती वर्षं मी वेळ शोधत होते, गो. मग एक दिवस लक्षात आलं, ही बांग झाली की मला कुणी हाक मारत नाही. ज्याचं त्याला बोलावणं आलेलं असतं. नमाज, मग चूल. तेवढ्यात मी माझं उरकते."

"दुसऱ्यांच्या देवाच्या घड्याळावर?"

"घड्याळ कुणाचंही बघावं. वेळ आपला असला म्हणजे झालं."

"मग पडदा ओढून बसा की मधल्या खोलीत."

"प्रार्थना करताना दार लावून घे, असं सांगितलंय येशूने. पडदा ओढून घे असं नाही सांगितलेलं."

"दार संडासालाही आहे."

मला वाटलं होतं की त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "केलीय तिथेही. ड्युटीवर असताना तिथेच करायचे. वॉर्डात दुसरं दार होतं कुठे? मेट्रनला वाटायचं, हिचं पोट कायमचं बिघडलेलं आहे."

चपला घालून मी बाहेर पडले.

तो तास मला चावायचा. कंपनीतून बर्फाच्या आणि कोळंबीच्या वासात दिवस काढून यावं, जरा पाठ टेकावी, तर बांग. शिवाय ती सूर्याबरोबर सरकायची. पावसाळ्यात पुष्कळ उशिरा, थंडीत मी हातपाय धुते न धुते तोच. मी मांडवीच्या जेट्टीवर जायचे, टोकापर्यंत, परत, पुन्हा टोकापर्यंत. एकटी मुलगी रोज इथे काय करते, असं भेळवाल्यापासून गळ टाकून बसलेल्यांपर्यंत सगळ्यांच्या नजरेत असायचं. कठड्यावर कागद ठेवून मी पत्रकं लिहायचे. कोळंबी सोलणाऱ्या बायकांना मधे दहा मिनिटं बसायला मिळालं पाहिजे, असं एक पत्रक मी तेव्हा लिहीत होते. वाऱ्याने कागद उडायचा आणि मी समुद्रालाही मालकांच्या बाजूचा समजायचे.

सिस्टरांनी ते पत्रक वाचलं. चष्मा नव्हता, म्हणून हात लांब धरून, उभ्याने.

"दहा मिनिटं मागतेस होय?"

"मागणी रास्त आहे."

"रास्त आहे गो. पण वेळ मागून मिळत नाही. काढायला लागतो. घशातला काटा काढतात तसा, दुखलं तरी." आणि कागद परत देत म्हणाल्या, "'भगिनींनो' जरा आधी घाल. तिथे बंधू आहेत कोण सोलायला?"

मी शब्दांची जागा बदलली.

एका संध्याकाळी पाऊस असा लागला होता की त्यांनीच मला पडवीत बसू दिलं. आतून कडी लागली. मी कान देऊन होते, खोटं कशाला बोलू. गाणं, पुटपुटणं, रडणं, काहीतरी ऐकू येईल आणि मग मला त्यावर काहीतरी म्हणता येईल, असा माझा विचार. ऐकू आली ती फक्त पावलं. माझ्या कॉटपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून कॉटपर्यंत, भरभर, मधेच थांबून, पुन्हा भरभर. मी जेट्टीवर घालायचे तशाच येरझारा. एकदा कशाला तरी पाय अडखळला आणि "हात् मेल्या" असंही ऐकू आलं. ते माझ्या पेटीला उद्देशून असावं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "प्रार्थना म्हणजे शांत बसायचं असतं ना?"

"बसले की झोप लागते. नाही तर तांदूळ संपल्याचं आठवतं."

"आणि चालल्यावर?"

"चालतानाही आठवतं. पण आठवलं तरी मी जात नाही आणायला. तेवढंच."

डिसेंबरात त्यांच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले. तरुण, सोलापूरकडचे, बोलायला मोकळे, पडवीत आले की टेबल झालेल्या त्या दारावर हात फिरवत बसायचे. त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं, सिस्टरबाई बांगेवर प्रार्थना करतात.

"सिस्टरबाई, लोक बोलाय लागलेत," ते म्हणाले. पण ते काही ओरडायला आलेले नव्हते. त्यांनी उपाय आणला होता. "एकट्यानं किती दिवस करायचं असं? आपण नाताळापर्यंत रोज संध्याकाळी सहाला तुमच्याकडंच घरगुती प्रार्थनासभा ठेवू. मंडळी येईल, गाणी होतील. तुम्हाला एकटं वाटणार नाही."

सिस्टर म्हणाल्या, "चहा घ्या." त्याचाच अर्थ होकार झाला.

मला आनंद व्हायला हवा होता. सभा पडवीत, म्हणजे माझी खोली मोकळी. पण डिसेंबरात बांग सहाच्या सुमाराला होते, आणि त्या वर्षी रमजानही त्याच महिन्यात आला होता. रोजा सोडताना शेजारच्या जुबेदाआपा पहिलं ताट सिस्टरांकडे धाडायच्या. खजूर, भजी, कधी सांदण. बांग झाली की ताट हजर. म्हणजे पुढच्या दाराने मंडळी आणि मागच्या दाराने इफ्तारी. ज्या एका वेळी त्यांना कुणी हाक मारत नव्हतं त्याच वेळी आता सगळे मारू लागले, आणि सगळेच प्रेमाने.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून सिस्टर बिघडल्या. चहात मीठ पडलं. उकळत्या डब्याने बोट भाजलं. जुबेदाआपांची सून तापलेलं पोर घेऊन आली तर तिला म्हणाल्या, "तापाने कुणी मरत नाही. उद्या ये." गल्लीत असं त्या कधी कुणाला बोलल्या नव्हत्या. सून पडवीतच उभी राहिली, तिला वाटलं आपण चुकीच्या घरात आलो. मग सिस्टरांनी तिच्या हातातून पोर ओढून घेतलं, औषध पाजलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

जुबेदाआपांनी मला कुंपणापाशी गाठलं. "सिस्टरला काय झालंय गो? बरं नाही काय?"

"बरं आहे. वेळ गेलाय त्यांचा," मी म्हणाले. त्यांना काही कळलं नाही. मलाही अर्धंच कळत होतं.

त्या रात्री जेवताना मी सिस्टरांना म्हणाले, "नाही म्हणा पाळकांना."

"काय सांगू? मला प्रार्थना करायची आहे, म्हणून तुम्ही प्रार्थनेला येऊ नका?"

"सभेतही तीच होते ना? मग अडतं कुठे?"

त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं. "चारचौघांत बसले की मी चांगली बाई असते. आत तसं असावं लागत नाही."

त्या पुढे म्हणाल्या, "आमचे हे कितीतरी वर्षं पडून होते. अंग पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची. सगळे म्हणायचे, सिस्टर म्हणजे देवमाणूस. रोज तेवढी कडी लावली नसती ना, तर एखाद्या दिवशी मी उशी घेतली असती आणि..." हाताने त्यांनी हवेतच काहीतरी दाबलं. मग तोच हात पदराला पुसला आणि उद्याचे तांदूळ निवडायला घेतले.

मी अख्खं एक पत्रक लिहून काढलं. एकट्या बाईला रोज तासभर बंद दाराआड राहण्याचा हक्क असलाच पाहिजे, तो कुणी पाळक, नवरा, मालक, शेजारी हिरावून घेऊ शकत नाही, असं. छापून चर्चच्या फाटकाशी वाटायची माझी तयारी होती. सिस्टरांनी हात लांब धरून ते वाचलं.

"सगळं खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण गावभर वाटलंस तर मग दार बंद कसलं?" आणि कागदाची चौकोनी घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीतून आले तेव्हा सभा जमलेली होती. बायका, दोन-तीन म्हातारे, टेबलावर गाण्याची पुस्तकं. पाळकसाहेब उभे राहून सुरुवात करणार, तोच बांग झाली. मागून जुबेदाआपांचं ताट आलं. सिस्टरांनी ते घेतलं, सभेच्या मधोमध पुस्तकांवर ठेवलं, "खा" म्हणाल्या, माझ्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली.

पाळक ताटाकडे पाहत होते. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पोटात दुखत असेल." एक बाई म्हणाली, "हाक मारा की." तिने मारलीही. आतून उत्तर नाही. पावलं तेवढी सुरू झाली होती, कॉटपासून खिडकीपर्यंत.

पाळकसाहेब दाराशी आले आणि त्यांनी वाजवायला हात उचलला. मी कशी मधे गेले ते मला सांगता येणार नाही. माझ्या खांद्याला अजून कंपनीची पिशवी होती, तिला कोळंबीचा वास येत होता.

"दार वाजवू नका."

"ताई, तुम्ही कोण?"

"भाडेकरू. ही खोली माझी आहे."

"मग तुम्हीच उघडाय सांगा की त्यांना."

"माझी आहे म्हणूनच सांगतेय. या वेळी ती त्यांना दिलेली आहे."

ते माझ्याकडे पाहत राहिले. भला माणूस होता तो. भल्या माणसांशी भांडायला मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या पत्रकांत फक्त वाईट माणसं असायची. "मी विश्वासणारी नाही," मी म्हणाले. "तुमच्यातली नाही, बांग देणाऱ्यांतलीही नाही. पण तुम्ही सगळे मिळून सिस्टरांची प्रार्थना बंद पाडलीत, एवढं मला दिसतंय."

पाळकसाहेबांनी हात खाली घेतला. पावलं आत चाललीच होती. ते परत जागेवर जाऊन बसले, आणि गाणं म्हणायचं सोडून तसेच बसून राहिले. त्यांना बघून बाकीचेही बसले. एवढी माणसं आणि खोकल्याशिवाय आवाज नाही. मघाच्या म्हाताऱ्यांनी तेवढा एक खजूर खाल्ला आणि बी कुठे टाकावी ते न कळून मुठीत धरून ठेवली.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा पहिलं वाक्य बोलल्या ते, "एवढे जण बसलात आणि चहाचं आधण कुणी ठेवलं नाही?" मग पदर खोचत त्या जुबेदाआपांकडे गेल्या, सुनेच्या पोराचा ताप बघायला.

सभा दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेली. जुबेदाआपांना मी समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी नाही सांगायचं?" मग ताट बांगेच्या आधीच येऊन ओट्यावर झाकून राहू लागलं. नाताळाला सिस्टरांच्या करंज्या त्याच ताटातून परत गेल्या.

नाताळ झाल्यावर सिस्टरांनी सुतार बोलावला. टेबलाचे पाय काढले आणि ते दार मधल्या खोलीला पुन्हा बसवलं. चहाच्या कपांचे गोल डाग आणि स्पिरिटने उडालेला रंग आता उभा दिसत होता. नवी कडी लावली.

"घे," मला म्हणाल्या. "तुझी खोली आता दिवसभर तुझी. जिंकलीस."

त्या संध्याकाळी बांग झाली आणि मी माझ्या कॉटवर हक्काने आडवी होते. काही केल्या पडवेना. उठले, बसले, पुन्हा उठले. पलीकडे कडी लागली, पावलं सुरू झाली, थोड्याच वेळात थांबली आणि कडी निघाली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी माझंच दार वाजलं.

"बाहेर हो," सिस्टर म्हणाल्या.

"आता तुम्हाला दार आहे ना?"

"आहे. पण त्या खोलीत हे पडून असायचे. कडी लावली की हाक ऐकू येते."

त्या चौकटीला धरून उभ्या होत्या, आणि एवढा वेळ एका जागी उभ्या राहिलेल्या मी त्यांना प्रथमच पाहत होते.

"तेव्हाही यायची ऐकू," त्या म्हणाल्या. "मी इथे आत असायचे आणि ते तिकडून हाक मारत राहायचे. दारं काढलेली, त्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू यायचं. मी उघडायची नाही. तास झाला की जायचे."

"काय म्हणायचे?"

"पाणी मागायचे. दुसरं काय."

"मग ते गेले तेव्हा तुम्ही..."

"सकाळी गेले. माझ्या हातावर. तसलं काही नाही ते," त्या वैतागून म्हणाल्या. "आता बोलण्यात वेळ घालवू नकोस. बांग कधीच झाली."

माझी एक चप्पल कॉटखाली गेली होती. त्यांनीच पायाने ती बाहेर ओढली आणि माझ्याकडे सरकवली. मी बाहेर आले. मागे कडी लागली.

जेट्टीवर जावंसं वाटेना. मी पडवीच्या पायरीवर बसले. गल्ली रिकामी होती. तेवढ्यात पाळकसाहेबांची स्कूटर फाटकाशी येऊन थांबली. त्यांच्या हातात केकचा डबा होता.

"सिस्टरबाई आहेत?"

"नाहीत," मी म्हणाले.

आतून पावलं ऐकू येत होती. खिडकीपर्यंत, परत, पुन्हा खिडकीपर्यंत. त्यांनाही ऐकू येत असणारच. त्यांनी मान हलवली, डबा माझ्याशेजारी पायरीवर ठेवला आणि स्कूटर चालू न करता, ढकलत, गल्लीच्या वळणापर्यंत नेली.